पंचनाम्याच्या आधी मेलेली कोंबडी

कोंबड्यांची मर लागली की गावात पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडत नाही. सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या, दोन मेल्या, उकिरड्यावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी सात मेल्या, त्या नाल्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी मानमोडी (राणीखेत) आली म्हणून उरलेल्या आठवडी बाजारात निघतात, नाहीतर रातोरात सोयऱ्याच्या गावाला पोचतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर जाते ती चौथ्या-पाचव्या दिवशी, बहुतेक शेजाऱ्याच्या तोंडून. कारण एकच, ‘सरकार येईल अन् सगळ्या मारून टाकील’ ही धास्ती.

धास्ती खोटी नाही. पण हिशेब उलटा आहे. बर्ड फ्लूच्या भरपाईत आपणहून मेलेल्या कोंबडीची किंमत शून्य धरतात. पैसे मिळतात ते पथकाने मोजून मारलेल्या कोंबडीचे. पाच हजार लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये रात्रीतून तीनशे पक्षी पडले तर ९० रुपयांच्या दराने २७ हजार रुपये त्या रात्रीच गेले, आणि ते कोणत्याही अर्जाने परत येत नाहीत. खबर उशिरा दिल्याने कोंबड्या वाचत नाहीत, भरपाईची यादी तेवढी रोज आखूड होत जाते.

आता हा मारण्याचा अधिकार येतो कुठून ते बघू. चावडीवर त्याबद्दल कायकाय सांगितलं जातं, आणि त्यातलं निम्मं चूक असतं.

मूळ कायदा केंद्राचा आहे, २००९ सालचा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम. त्याआधी घोड्यांच्या ग्लँडर्ससाठी १८९९ चा, त्यांच्याच डोरीन रोगासाठी १९१० चा आणि बाकी रोगांसाठी राज्याराज्यांचे वेगळे कायदे होते. ते सगळे यात विरले. कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात नाव असलेल्या रोगालाच हा कायदा लागतो. बर्ड फ्लू, लाळ्या-खुरकूत, फाशी (अँथ्रॅक्स), घटसर्प, लम्पी, ब्रुसेला, ग्लँडर्स, आफ्रिकन स्वाइन फिव्हर हे सगळे तिच्यात आहेत.

मारण्याचं कलम आहे २५ वं. बाधित जनावर जिवंत ठेवल्याने रोग इतर जनावरांत पसरेल, किंवा रोग माणसाला होणारा असेल तर लोकांच्या आरोग्याला धोका होईल, असं पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला वाटलं तर तो त्या जनावराला दयामरण देण्याचा हुकूम काढू शकतो. या कलमात दोन गोष्टी नीट वाचण्यासारख्या आहेत. एक, हुकूम लेखी हवा. फोनवरून नाही, तोंडी नाही. दोन, ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ असे शब्द त्यात आहेत. म्हणजे राज्यातला गोवंश हत्याबंदीचा कायदाही साथरोगातल्या अशा हुकमाला आडवा येत नाही. प्रत्यक्षात गाई-बैलांवर हे कलम जवळपास वापरलंच जात नाही, त्याकडे पुढे येऊ.

२५ व्या कलमाच्या आधी बऱ्याच पायऱ्या आहेत आणि गावाचा खरा संबंध त्यांच्याशीच येतो. ४ थ्या कलमाने जनावराच्या मालकावर खबर देणं बंधनकारक केलं आहे. संशय पुरेसा आहे, खात्री लागत नाही. खबर गावच्या कर्मचाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला द्यायची, तिथून ती पशुवैद्यकाकडे जाते. ५ व्या कलमाने आजारी जनावर वेगळं बांधणं आलं. आपल्याकडे सकाळी आखरावर अख्ख्या गावची ढोरं गोळा होतात आणि गायकी ती एकाच कळपात चरायला नेतो. त्यामुळे ‘वेगळं बांधलं’ याचा अर्थ गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बांधलं असा होत नाही. आखर बंद, गायकीबरोबर पाठवणं बंद, सामाईक हौदावरचं पाणी बंद. ६ व्या कलमाखाली राज्य सरकार नियंत्रित क्षेत्र जाहीर करतं. अधिसूचना राजपत्रात छापून भागत नाही, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि गावात दवंडीही द्यावी लागते. कोतवालाची दवंडी केंद्राच्या कायद्यात शिल्लक राहिली आहे, हे आम्हाला फार आवडतं. १२ व्या कलमाने त्या क्षेत्रातले बाजार, जत्रा, प्रदर्शनं बंद होतात, म्हणजे शंकरपट, आपल्याकडची बैलांची शर्यत, तोही आला. २० व्या कलमाने पशुवैद्यकीय अधिकारी एखादी वाडी, शेड किंवा गाव बाधित क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतो. ३० वं कलम सांगतं की ग्रामपंचायत, महसूल, कृषी या सगळ्यांनी या कामात मदत करायचीच आहे. म्हणून पथकाला जेसीबी मिळत नसेल तर ‘ते पशुसंवर्धनवाल्यांचं काम’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बर्ड फ्लूच्या वेळी या कायद्याखालचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यामुळे हल्ली मारण्याचा आणि क्षेत्र ठरवण्याचा आदेश बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो.

इथे एक गाठ आहे. २५ व्या कलमात शब्द आहे ‘बाधित’ जनावर. मग शेजारच्या गल्लीतल्या, अंगात काही नसलेल्या कोंबड्या का मारतात? त्याचं उत्तर कलमात नाही, केंद्राच्या बर्ड फ्लू कृती आराखड्यात आहे. ज्या जागी रोग सापडला ती जागा मध्य धरून एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे बाधित क्षेत्र. त्यातले सगळे पाळीव पक्षी मारायचे, आजारी असोत वा नसोत. एक ते दहा किलोमीटर हे निगराणी क्षेत्र. तिथे मारत नाहीत. पक्षी, अंडी, खाद्य यांची ने-आण आणि विक्री थांबते, नमुने घेतले जातात. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो ‘आमचं घर वर्तुळाच्या आत की बाहेर?’ वर्तुळ ज्या बिंदूवरून मोजलं तो आदेशात लिहिलेला असतो. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेने मोजा. रस्त्याने मोजलेलं अंतर इथे चालत नाही आणि वाद नेमका त्यावरूनच होतो.

आणि एक. शेतात मेलेल्या कावळ्यात विषाणू सापडला एवढ्यावरून गावातल्या कोंबड्या आपोआप मारल्या जात नाहीत. तिथे निगराणी वाढवतात. ही अफवा दर हिवाळ्यात उठते आणि तिच्यामुळे लोक मेलेला कावळासुद्धा कळवत नाहीत.

विदर्भाला हा रोग लांबचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, सांगितला. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२५ मध्ये, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. देशात तो पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला.

मानमोडी की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी ठरत नाही. मान वाकडी होणं आणि हिरवी हगवण ही मानमोडीची खूण समजतात. तुरा निळा पडणं, डोकं सुजणं, पायाच्या सालीखाली रक्त साकळणं आणि काही न दिसता एका रात्रीत ढिगाने मरणं ही बर्ड फ्लूची. पण दोन्हीकडे दोन्ही दिसू शकतं. निदान नमुन्यावरच होतं. नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. यात दिवस जातात. नमुन्याला ताजा मेलेला पक्षी लागतो, दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवलेला. उकिरड्यावरून उचललेला, उन्हात फुगलेला पक्षी निरुपयोगी. घरच्या फ्रिजरमध्ये गोठवून ठेवलेलाही कामाचा राहत नाही, शिवाय तो भाजी-दुधाशेजारी ठेवला हे वेगळंच. पक्षी कापून बघू नका, पिसं उपटू नका. डॉक्टर येईपर्यंत टोपल्याखाली झाकून ठेवा, कुत्र्या-मांजरांपासून लांब.

अहवाल येईपर्यंतचे हे जे दिवस आहेत, त्यातच पैसे हरवतात किंवा वाचतात. या दिवसांत करायचं काम म्हणजे कागद. रोज सकाळी जिवंत किती, मेले किती, तारीख टाकून वहीत. शेडचा मोबाइलवर व्हिडिओ. पिल्लं घेतल्याची पावती किंवा हॅचरीचं चलन, कारण वय त्यावरून ठरतं. खाद्याच्या पोत्यांची संख्या, अंड्यांचे ट्रे. एक प्रत दवाखान्यात देऊन पोच घ्या. परसातल्या वीस कोंबड्यांचीही यादी करा, कोंबड्या किती, कोंबडे किती, पिल्लं किती. पोलीस पाटलाची सही मिळाली तर उत्तम.

का, ते दरांच्या तक्त्यावरून कळेल. २०२१ च्या साथीत राज्यात लागू असलेले दर असे होते. अंडी देणाऱ्या जातीचा पक्षी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरचा ९० रुपये. मांसाचा, म्हणजे ब्रॉयलर, सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरचा ७० रुपये. बदक सहा आठवड्यांपर्यंत ३५, त्यावर १३५. अंडं ३ रुपये. खाद्य १२ रुपये किलो. हे पैसे केंद्र आणि राज्य अर्धे-अर्धे देतात. दर मधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या वेळचा तक्ता आदेशाबरोबर मागून घ्या. रचना मात्र हीच असते, प्रकार आणि वय.

ब्रॉयलरवाल्याने हा तक्ता दोनदा वाचावा. ब्रॉयलर साधारण ३८ ते ४२ दिवसांत विक्रीला जातो. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. म्हणजे दोन किलोचा, व्यापाऱ्याची गाडी उद्या येणार असलेला, खाद्य खाऊन पूर्ण तयार झालेला पक्षी कागदावर एका दिवसाच्या पिल्लाच्या रांगेत बसतो, २० रुपयांना. पाच हजारांच्या बॅचला ४१ व्या दिवशी एक लाख, ४३ व्या दिवशी साडेतीन लाख. तक्ता ज्यांनी केला त्यांनी ब्रॉयलरच्या धंद्याचं गणित मांडलं नसावं. पण आज हातात जे आहे ते हे आहे, म्हणून वयाचा पुरावा दिवसाच्या हिशेबाने ठेवायचा. ‘अंदाजे दीड महिना’ असं पंचनाम्यात लिहिलं गेलं की तो अंदाज बहुधा खालच्या रांगेतच उतरतो.

करार पद्धतीत शेड चालवणाऱ्यांचा घोळ वेगळा. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेतकऱ्याचं शेड, वीज, तूस आणि मेहनत. भरपाई पक्ष्याच्या आणि खाद्याच्या मालकाला मिळते. शेतकऱ्याला किलोमागे मिळणारी संगोपनाची रक्कम तक्त्यात कुठेच नाही. करारनाम्याची प्रत बहुतेकांच्या घरी नसते, ती मागून घ्या. साथीत बॅच नष्ट झाली तर संगोपनाचे पैसे मिळतील का, किती दिवसांचे मिळतील, असं कलम त्यात आहे का ते बघा. नसेल तर पुढची बॅच टाकण्याआधी लिहून घ्यायची वेळ आहे. बॅच खड्ड्यात गेल्यावर कोणी लिहून देत नाही.

प्रत्यक्ष मारण्याचं काम पशुसंवर्धन खात्याचं शीघ्र कृती दल करतं. अंगभर पीपीई, चष्मा, दुहेरी हातमोजे, गमबूट. कामाच्या आधी आणि नंतर त्यांना ऑसेलटॅमिव्हिर या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्या देतात, ताप तपासतात. गावातला माणूस हाताशी घ्यायचा तर त्यालाही हेच सगळं मिळायला हवं. तोंडाला दुपट्टा बांधलेला मजूर कोंबड्या धरताना दिसला तर तिथेच थांबवायला सांगा. परसातल्या कोंबड्या दिवसा हाती लागत नाहीत, छपरावर नाहीतर चिंचेवर जाऊन बसतात. अंधार पडल्यावर खुराड्यातच धरायच्या. पथक संध्याकाळी येणार हे कळलं की दुपारपासून त्या खुराड्यात कोंडून ठेवल्या तर पळापळ वाचते, आणि पळापळ वाचली की धूळ आणि पिसं उडणं वाचतं. विषाणू त्यातूनच पसरतो. मान मोडून मारतात, सेकंदाचं काम असतं. पोत्यात भरतात, पोत्याचं तोंड बांधतात, पोतं बाहेरून फवारतात.

मोजणी दोनदा झाली पाहिजे, एकदा धरताना आणि एकदा खड्ड्यावर. धरताना कोंबड्या मोजतात आणि खड्ड्यावर पोती मोजतात, ही नेहमीची चूक. पोत्यात किती हे पोतं बांधतानाच मार्करने लिहून घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी प्रकार, वय, संख्या, अंडी, खाद्याचे किलो हे पाचही रकाने भरलेत का बघा. ५० किलोचं पोतं ६०० रुपयांचं होतं, तेव्हा फोडलेली पोतीही वजन करून लिहायची. आकडा पटला नाही तर सही नाकारू नका. सहीच्या वर ‘माझ्या नोंदीप्रमाणे संख्या इतकी’ असं आपल्या हाताने लिहा आणि मग सही करा. सही नाकारली की पंचनामा दोन पंचांवर पुरा होतो आणि तुमचा आकडा कुठेच राहत नाही. बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स त्याच दिवशी जोडा. आयएफएससी कोड जुना असल्याने परत गेलेले पैसे पुन्हा यायला जो वेळ लागतो, त्यावर स्वतंत्र पोस्ट होईल.

आता खड्डा. आराखड्यातलं माप असं की दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्ड्यात साधारण १,८०० पक्षी बसतात. पाच हजारांच्या शेडला तीन खड्डे किंवा दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल, सहा मीटर लांब चर. फुटांत सांगायचं तर साडेसहा फूट खोल आणि वीस फूट लांब. जेसीबीवाल्याला हेच सांगावं लागतं, मीटर त्याला सांगून उपयोग नसतो. यात चुकतं काय? माप फक्त पक्ष्यांचं धरतात. अंडी, खाद्य, शेडमधलं तूस आणि विष्ठा राहून जाते आणि मग ती रात्री कोणीतरी धुऱ्यावर नेऊन टाकतो. म्हणून एक चर जास्तीचा आधीच काढून ठेवा.

जागा निवडताना पश्चिम आणि पूर्व विदर्भाचं गणित वेगळं आहे. अकोला, अमरावती, यवतमाळकडे काळ्या मातीचा थर, खाली मुरूम. खोदायला सोपं, पण उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वास वर येतो आणि कुत्री उकरतात. तिथे वरचा थर मुरमाचा द्यावा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांध्यांत दोन मीटरवर पाणी लागतं. पाणी लागलेल्या खड्ड्यात पक्षी टाकणं म्हणजे ते शेजारच्या बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावात पोचवणं. तिथे उंचवट्याची जागाच शोधावी लागते, मग ती गावापासून लांब पडली तरी चालेल. विहीर, नाला, बोअर यांपासून दूर. नदी-नाल्यात मेलेलं जनावर टाकणं हा या कायद्याच्या ३३ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे.

पक्षी टाकताना थरावर चुना, वर माती, परत चुना. शेवटी मातीचा ढीग जमिनीपेक्षा वर राहील असा करायचा आणि तो दाबायचा नाही. जेसीबीच्या बकेटने थापटून सपाट करण्याची हौस सगळ्या चालकांना असते. आत कुजताना वायू होतो, दाबलेल्या मातीला तडे पाडून तो पाणी घेऊन वर येतो. मोकळी माती असली की वायू हळूहळू निघून जातो.

शेड धुण्याचा क्रम उलटा झाला की सगळं फुकट. विष्ठा, तूस, जाळे, धूळ आधी काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग जंतुनाशक. विष्ठेच्या थरावर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन त्या घाणीतच संपतो, खालचा विषाणू तसाच राहतो. पावडरचं पोतं महिनाभर उघडं पडलेलं असेल तर त्यात क्लोरीन उरलेलाच नसतो. नाकाला झोंबत नसेल तर वापरू नका. भिंती-फरशीला कॉस्टिक सोडा २ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो खातो. फॉर्मॅलिनची धुरी द्यायची तर मातीच्या किंवा लोखंडी पसरट भांड्यात आधी पोटॅशियम परमँगनेट ठेवून त्यावर फॉर्मॅलिन ओततात, दर १०० घनफुटाला २० ग्रॅम आणि ४० मिली. ओतल्या क्षणी उकळी येते, म्हणून भांडं मोठं हवं, प्लॅस्टिकचं अजिबात नको, आणि ओतणाऱ्याची पाठ दाराकडे. आपल्याकडची शेडं बाजूने जाळीची असतात, ताडपत्रीने घट्ट झाकल्याशिवाय धुरी वाऱ्यावर जाते. कागदी ट्रे जाळायचे, प्लॅस्टिकचे बुडवून ठेवायचे. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेला कोंबडखताची मोठी मागणी असते. बाधित शेडचं खत त्या ट्रॉलीत गेलं तर रोग तालुका ओलांडतो, आणि ट्रॉली पुढच्या आठवड्यात कोणत्या शेडवर जाईल ते कोण सांगणार? शेड निर्जंतुक झाल्याचा दाखला हाती येईपर्यंत नवी पिल्लं आणायची नाहीत. आणली आणि पुन्हा मर लागली तर भरपाईचा अर्ज कोणत्या तोंडाने करणार?

डुकरांचा प्रश्न थोडक्यात. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये ईशान्येकडून आला. माणसाला होत नाही, पण डुकरांत जवळपास सगळी मरतात. इथेही एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात. भरपाई वजनावर आहे. केंद्राच्या तक्त्यात १५ किलोपर्यंत २,२०० रुपये, ४० पर्यंत ५,८००, ७० पर्यंत ८,४००, १०० पर्यंत १२,००० आणि त्यावर १५,०००. ३९ आणि ४१ किलोत २,६०० रुपयांचा फरक पडतो, तेव्हा काटा लावा, नजरेने वजन लिहू देऊ नका. मोकाट फिरणाऱ्या डुकरांना मालक कोण हा प्रश्न मारण्याच्या दिवशी सुटत नाही. कानाला खूण किंवा ग्रामपंचायतीकडे नोंद आधीची हवी. हॉटेलचं उष्टं डुकरांना घालणं हा या रोगाचा राजमार्ग आहे.

घोड्यांना ग्लँडर्स झाला की उपचार नाही, माणसालाही तो होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर घोडा जातोच. लग्नसराईत नवरदेवाचा घोडा भाड्याने फिरवणाऱ्यांनी नाकातून चिकट शेंबूड आणि पायावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या की त्या हंगामाच्या सुपाऱ्या विसरलेल्या बऱ्या.

आणि आता ढोरं. लम्पीत सरकार गाय मारेल ही भीती २०२२ मध्ये गावोगाव होती. कोणाचीही मारली नाही, आराखड्यातही ते नाही. लम्पी माशा, डास, गोचिडांतून पसरतो, म्हणून एक गाय मारून साखळी तुटत नाही. माणसाला तो होत नाही. बहुतेक जनावरं बरी होतात आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईला एक मिली कातडीखाली दिली की बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात हा रोग पहिल्यांदा दिसला तो २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंच्याकडे. २०२२ च्या सप्टेंबरात सरकारने याच कायद्याखाली अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. बैलबाजार, शंकरपट, वाहतूक सगळं बंद झालं. लम्पीने मेलेल्या जनावरांना तेव्हा मदत दिली ती दुधाळ जनावराला ३०,०००, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये.

फरक लक्षात घ्या. लम्पीत मेलेल्या जनावराला पैसे होते, बर्ड फ्लूत मारलेल्याला. एका गावात दोन्ही अनुभव आलेले लोक एकमेकांना चुकीचा सल्ला देतात तो यातून. लम्पीत मेलेली गाय पशुवैद्यकाने पाहून पंचनामा व्हायच्या आत पुरली तर पैसे गेले. म्हणून इथेही गाय आधी दाखवायची, मग पुरायची. ढोरासाठी आठ फूट खोल खड्डा.

फाशीच्या संशयात मात्र वेगळी काळजी लागते. जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून काळं न गोठणारं रक्त आलं, तर त्याला कापायचं नाही, शवविच्छेदन नाही, कातडं काढायचं नाही. हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथे डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचेवर बघतात, बस.

विमा काढलेला असेल तर पॉलिसीतलं एक वाक्य उपयोगी पडतं. मुद्दाम मारलेल्या जनावराला विमा नाही असं लिहून त्यालाच जोडून अपवाद असतो, कायदेशीर अधिकाऱ्याच्या हुकमाने मारलेलं जनावर. म्हणजे पुन्हा तोच लेखी हुकूम लागतो, त्याची प्रत घेतल्याशिवाय पथकाला जाऊ देऊ नका. आणि कानातला बिल्ला. बारा आकडी नंबर नसेल तर विमा कंपनी दार उघडत नाही. पुरण्याआधी बिल्ल्यासकट कानाचा फोटो घ्या, नंबर वाचता येईल एवढ्या जवळून.

खड्ड्याचं काम पुरलं त्या दिवशी संपत नाही. पहिल्या दोन पावसांत माती खचते, मधोमध खळगा होऊन पाणी साचतं. जूनमध्ये एकदा आणि पोळ्याच्या आसपास एकदा दोन ट्रॉली मुरूम टाकून ढीग पुन्हा वर आणा, काटेरी बाभळीच्या फांद्या पसरा. जागेची खूण गावनकाशावर करून ग्रामपंचायतीत ठेवा, नाहीतर चार वर्षांनी तिथेच कोणी शेततळं खणायला घेईल.